पांढऱ्या रंगाखालचं चित्र

१

पडदा सरकला आणि टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

जळगावच्या त्या महाविद्यालयाच्या नव्या कलादालनात, समोरच्या भिंतीवर, सागवानी चौकटीत एक मोठा पांढरा चौकोन लटकत होता. भिंतीला देतात तसला पांढरा डिस्टेंपर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्याखाली पुष्पाबाई देवरे यांचं 'पेरणीआधी' हे चित्र असायला हवं होतं.

पहिली किंचाळली ती चेलना. तिच्याच हट्टामुळे हे चित्र पाचोऱ्याच्या घरातून इथवर आलं होतं. संस्थेचे अध्यक्ष जवरीलालजी तिचे सासरे. चित्र त्यांना पसंत नव्हतं, तरी सुनेपुढे त्यांनी मान तुकवली होती.

"कुणी केलं हे?" प्राचार्य ओरडले. मग त्यांची नजर चित्राखालच्या डिस्टेंपरच्या बादलीवर आणि तीत बुडालेल्या ब्रशवर गेली, आणि त्यांना उत्तर मिळालं. "उखर्डू! त्या उखर्डूला बोलवा!"

उखर्डू महाविद्यालयाचा शिपाई. दालनाच्या भिंती त्यानेच रंगवल्या होत्या. 'तू केलंस का' एवढंसुद्धा त्याला कुणी विचारलं नाही. दोघांनी दंडाला धरून त्याला बाहेर नेलं आणि पोलीस येईपर्यंत फाटकाजवळ उन्हात बसवून ठेवलं. जळगावचं ऊन, तेही मे महिन्यातलं.

पहिल्या रांगेत, खुर्चीवर, पुष्पाबाई बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. "काय झालं? टाळ्या का नाही वाजल्या?" असं त्या शेजारी विचारत होत्या.

"काही नाही बाई, लाइट गेलेत," प्राचार्य त्यांच्या डोक्यावरून इतरांना खुणावत म्हणाले. "यांना ऑफिसात बसवा. सांगू नका. त्यांना तसंही काय कळणार आहे?"

हे वाक्य तिसऱ्या रांगेतल्या कोकिळा बोरसे यांनी ऐकलं आणि त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. कोकिळाबाई धुळ्याच्या, चेलनाच्या ओळखीच्या; सगळे त्यांना अक्का म्हणत. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या. शाळेत पुष्पाबाई त्यांना चित्रकला शिकवायच्या. कोकिळाबाईंना आयुष्यात एक धड कमळ काढता आलं नाही. पण वर्गात त्यांच्या वाकड्या कमळाला हसणाऱ्या मुलींना बाईंनी बाकावर उभं केलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या.

गर्दी बाहेर सरकली तशा त्या चित्राजवळ गेल्या. खाली पाहिलं. नव्याकोऱ्या फरशीवर रंगाचा एक थेंब नव्हता. चौकटीवर शिंतोडा नव्हता. त्यांनी नखाने चौकटीची आतली कड किंचित उचकटून पाहिली.

पांढरा रंग चौकटीच्या खालीसुद्धा गेला होता.

म्हणजे रंग आधी लागला होता, चौकट नंतर बसली होती. रात्री येऊन कुणी लटकत्या चित्रावर ब्रश फिरवला असता तर हे शक्य नव्हतं.

"चेलना," त्या मागे न वळता म्हणाल्या, "हा रंग या दालनात मारलेलाच नाही."

२

चेलनाने त्यांना सगळं सांगितलं. चित्र गेल्या आठवड्यात पाचोऱ्याहून टेम्पोने आलं. थेट कलाविभागात गेलं, धूळ पुसायला आणि कडा ठीकठाक करायला. काल संध्याकाळी ते झाकलेलंच दालनात आणून टांगलं, तेव्हापासून त्यावर पडदा होता. कलाविभागाच्या किल्ल्या दोनच. एक विभागप्रमुख प्राध्यापक योगेंद्र महाले यांच्याकडे आणि एक संस्थेच्या ऑफिसात, म्हणजे जवरीलालजींच्या ताब्यात.

"तुझ्या सासऱ्यांना ते आवडत नव्हतं ना?"

चेलनाने मान खाली घातली. "ते त्याला शेणाचं सारवण म्हणायचे. त्या जागी त्यांना सासूबाईंचा, जतनबाईंचा फोटो लावायचा होता."

"आणि तुला त्यात काय दिसलं?"

चेलना भराभर बोलू लागली. "बाई मुंबईला शिकल्या, मग शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला. तिथे तेलरंग सुरीने थापायला शिकल्या. ना माणूस, ना झाड, नुसता रंग आणि त्याचं वजन. सगळे तेच करत होते. परत आल्यावर बाई अजिंठ्याला गेल्या आणि लेण्यांच्या भिंतींचा गिलावा बघत बसल्या. माती, भुसा, त्यावर रंग. मग इथली काळी माती आणि भुसा गोणपाटावर लिंपून त्यांनी जाड थर दिला, प्लायवूडवर चिकटवला, आणि त्यावर पॅरिसचे तेलरंग. अक्का, त्या चित्राला चर आहेत. हात फिरवला तर नांगरलेल्या वावरावरून फिरवल्यासारखा वाटतो. असं चित्र तेव्हा दुसरं कुणी काढत नव्हतं. आणि लोक हसले. एवढ्या मोठ्या बाईंना लोक हसले!"

जवरीलालजी ऑफिसच्या व्हरांड्यात ताठ बसले होते. कोकिळाबाईंनी सरळच विचारलं.

"होय, मला ते आवडत नाही," ते म्हणाले. "आजही नाही. पण न आवडलेली वस्तू मी तोंडावर नाकारतो, बाईसाहेब. पाठीमागून रंग फासत नाही. किल्ली माझ्या कपाटात आहे, बघून घ्या. आणि त्या शिपायाला उन्हात कोणी बसवलंय? मला विचारलं होतं का?"

प्राध्यापक योगेंद्र महाले दालनाच्या पायरीवर बसले होते. डोळे लाल. पूर्व आणि पश्चिम यांचा मेळ घालणारे अमूर्त चित्रकार म्हणून त्यांचं नाव आता दिल्लीपर्यंत पोचलं होतं. पुढच्या महिन्यात तिथे त्यांचं मोठं प्रदर्शन होतं. तेही पुष्पाबाईंचेच विद्यार्थी.

"अक्का, माझ्या आईवर कुणी रंग ओतावा तसं झालंय," ते म्हणाले. "वाचवण्यासारखं काही राहिलेलं नाही. डिस्टेंपर तेलरंगात पार मुरलाय. पाण्याचा हात लावलात तर उरलंसुरलंही जाईल. मी प्राचार्यांना सांगितलंय, तो फळा आजच हलवा, सन्मानाने जाळून टाका. बाईंच्या हातांना तो लागताच कामा नये. मी त्यांना तस्संच चित्र काढून देईन. त्यांना दिसत नाही, फरक कळणार नाही."

त्यांनी डोळे पुसले. कोकिळाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "चौकट कुणी बसवली, सर?"

"चौकट?" प्राध्यापक जरा दचकले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाईंच्या भाच्याने. नवलने. आणि अक्का, तुम्हाला म्हणून सांगतो, हे चित्र इथे येऊ नये असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल, तर ते नवललाच."

३

फाटकाजवळ उखर्डू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. कोकिळाबाईंनी आधी त्याला उठवून लिंबाच्या सावलीत नेलं, पाणी दिलं. एका शिक्षकाने हटकलं तेव्हा त्यांनी नुसतं वळून पाहिलं. तो निघून गेला.

"अक्का, मी फक्त भितीस्ले रंग दिधा," उखर्डू म्हणाला. "चित्रले हात बी नही लावा. बादली मी जिनाखाले ठेयेल व्हती. तठे कोनी नेई, माले माहीत नही. बठ्ठा माले चोर म्हनतस. बाई मन्ही मायसारखी शे. मी कसाले करसू?"

"गेल्या आठवड्यात कलाविभागातून काय काय बाहेर गेलं, उखर्डू?"

"परवा पेट्या गयात. पोऱ्यास्ना चित्रं. धुळाले, प्रदर्शनले. मीच टेम्पोमा चढावी." तो आठवून म्हणाला, "एक पेटी भलती जड व्हती, अक्का. चार जन लागनात."

कोकिळाबाई काही बोलणार तेवढ्यात दालनातून आरडाओरडा ऐकू आला. त्या धावत आत गेल्या.

नवल आला होता. पाचोऱ्यात त्याचं फर्निचरचं दुकान. उंच, दणकट, संतापाने लालबुंद झालेला माणूस. त्याने भिंतीवरून चित्र उतरवलं होतं आणि ते एका काखेत मारून तो दाराकडे निघाला होता. प्राचार्य आणि दोन शिक्षक त्याच्यापुढे हात पसरून उभे होते.

"सरका! मी आत्याचं चित्र घरी नेतोय!" नवल गरजला. "मी नको म्हणत होतो. या शिकलेल्या लोकांनी एकदा तिची टिंगल केली, परत करतील, म्हणत होतो. टिंगल परवडली असती! चौकट मी माझ्या हाताने पाचोऱ्यात बसवून दिली होती. महाले सरांनी इथे ती पुन्हा काढली, साफ करायचं म्हणून. मला बोलावलं असतं तर मी आलो नसतो काय?"

कोकिळाबाई जागच्या जागी थबकल्या. त्या त्याच्या रागाकडे बघतच नव्हत्या. त्यांचं लक्ष त्याच्या काखेकडे होतं.

"नवल," त्या शांतपणे म्हणाल्या, "पाचोऱ्यात हे चित्र टेम्पोत किती जणांनी चढवलं?"

"चौघांनी. मीही होतो. का?"

"आणि आता तू एकट्याने उचललंयस. एका हाताने."

नवलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याने काखेतल्या फळ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, काहीतरी अंगावर येईल अशा भीतीने, तो जमिनीवर टेकवला.

"अक्का," तो कुजबुजला, "मग हे काय आहे?"

४

"सगळ्यांना आत बोलवा," कोकिळाबाई म्हणाल्या. "उखर्डूलाही. आणि पुष्पाबाईंना."

"बाईंना नाही!" प्राचार्य पुढे आले. "त्यांना धक्का बसेल. शिवाय आता पोलीस येतीलच, तुम्ही निवृत्त—"

"चित्र त्यांचं आहे," जवरीलालजींचा आवाज मागून आला. "बोलवा त्यांना."

चेलनाने बाईंना हाताला धरून आणलं. कोकिळाबाईंनी त्यांच्या कानाशी वाकून, काहीही न लपवता, सगळं सांगितलं: पांढरा रंग, बादली, उखर्डू. बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. मग त्यांनी हात पुढे केला. चेलनाने तो पांढऱ्या पृष्ठभागावर ठेवला.

बाईंची सुरकुतलेली बोटं वरून खाली गेली, मग आडवी. परत एकदा.

"हाई मन्हं नही शे," त्या म्हणाल्या. रागात त्यांच्या तोंडी माहेरची बोली आली होती. मग सगळ्यांना कळावं म्हणून स्पष्ट आवाजात: "हे माझं चित्र नाही. माझ्या चित्राला चर आहेत. हे गुळगुळीत आहे."

"बाई, रंगाने चर बुजलेत," योगेंद्र महाले कळवळून म्हणाले. "तुमच्या हातांनाही आता वय झालंय."

"हाताचं वय माझं मी बघेन," बाई म्हणाल्या.

कोकिळाबाईंनी पर्समधून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि फळ्याकडे वळल्या.

"पाणी नको!" प्राध्यापक ओरडले. "मी सांगितलं होतं तुम्हाला, पाणी लावू नका!"

"सांगितलं होतंत. म्हणूनच लावतेय."

त्यांनी कोपरा घासला. डिस्टेंपर भराभर सुटला, दुधासारखा ओघळला. खाली काळी माती नव्हती, तांबडा नाही, पिवळा नाही. कोरा कॅनव्हास होता. त्यांनी मधोमध घासलं. तिथेही कोराच. चेलनाने तोंडावर हात दाबला.

"आता ऐका," कोकिळाबाई म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघराला खाली तेलरंग होता. त्यावर मी एकदा हौसेने डिस्टेंपर मारला. वर्षाच्या आत पापुद्रे सुटले. तेलरंगात तो मुरत नाही, हे घर रंगवलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. मग जन्मभर रंग शिकवलेला माणूस मला 'पार मुरलाय' असं का सांगतो? त्याला चुकून वाटलं? नाही. पाणी लावलं तर खाली काहीच नाही हे दिसेल, म्हणून. आजच जाळा, का? कुणी उचलू नये, कुणी चाचपू नये, म्हणून.

"रंग चौकटीच्या खाली गेलाय. चौकट पाचोऱ्यात बसली तेव्हा खरं चित्र आत होतं, आणि ती पुन्हा काढली गेली कलाविभागात. किल्ल्या दोन होत्या, मान्य. पण 'चौकट कुणी बसवली' असं विचारल्यावर सरांनी फक्त नवलचं नाव सांगितलं. मधे ती आपण काढली होती, हे गिळून टाकलं. जवरीलालजींना चित्र नको असतं तर ते नुसतं नाही म्हणाले असते, दालन त्यांच्या संस्थेचं आहे. नवलला घरी न्यायचं असतं, तर खोटं चित्र काखेत मारून तो सगळ्यांदेखत कशाला निघाला असता?

"आणि मग बादली. ती जिन्याखालून इथे आणून ठेवली की पुढचं आपोआप होणार होतं. शिपाई गरीब आहे, त्याच्या हाताला रंग आहे, कोण विचारतंय! तुमच्यापैकी कुणी विचारलंत?"

प्राचार्य चष्मा पुसायला लागले.

"परवा मुलांच्या चित्रांच्या पेट्या धुळ्याला गेल्या," कोकिळाबाई म्हणाल्या. "कागदावरची चित्रं. तरी एक पेटी उचलायला चार माणसं लागली. सर, तुमचा स्टुडिओ धुळ्यातच आहे ना? देवपुरात?"

योगेंद्र महाले खाली बसले.

५

दोन हवालदार, चेलना, नवल आणि प्राध्यापक यांना घेऊन गाडी एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला पोचली, तेव्हा उन्हं उतरत होती. वाटेत कोकिळाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर शिवीच निघाली असती.

स्टुडिओचं दार प्राध्यापकांनी स्वतः उघडलं.

'पेरणीआधी' समोरच्या भिंतीला टेकून उभं होतं. काळ्या मातीचे जाड चर, चरांत पेटलेला तांबडा, आणि वरच्या कडेला हळदीसारख्या पिवळ्याचा एकच घट्ट फटकारा. खोलीत जणू कुणी श्वास घेत होतं. हवालदारांपैकी एकाने नकळत टोपी काढली.

चित्रापासून हातभर अंतरावर घोडीवर एक अर्धवट रंगवलेला कॅनव्हास होता. तेच चर, तोच तांबडा. दिल्लीच्या प्रदर्शनासाठी. भिंतीकडे तोंड करून ठेवलेले बाकीचे कॅनव्हास चेलनाने एकेक उलटे केले. तेच, तेच, पुन्हा तेच. पूर्व आणि पश्चिम यांचा मेळ.

"हे चित्र दालनात लागलं असतं तर दिल्लीच्या लोकांनी पाहिलं असतं," कोकिळाबाई म्हणाल्या. "खाली बाईंनी घातलेलं जुनं सालही पाहिलं असतं. तुमचं कौतुक तिथेच संपलं असतं."

प्राध्यापकांनी मान हलवली.

"मग जाळलं का नाही?"

ते चित्राकडे वळले. मग म्हणाले, "समोर असल्याशिवाय मला काढता येत नाही. पाचोऱ्याला जायचो तेव्हा तासन्‌तास बघत बसायचो. घरी येऊन आठवून काढायचो. इथे आल्यावर... पहिल्यांदा नीट बघता आलं."

नवलने त्यांची कॉलर धरली. हवालदारांनी सोडवली, पण फार घाई केली नाही.

चेलना मात्र वेगळंच काहीतरी आठवून पांढरी पडली होती. "सर," ती म्हणाली, "बाईंनी नंतर चित्रं काढणं का सोडलं, ते मी एकदा त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, योगेंद्र येतो, तो सांगतो की बाई, हे लोकांना कळणार नाही, उगाच हसं होईल, बाहेर दाखवू नका. तो माझा चांगला विद्यार्थी आहे, माझ्या भल्याचंच सांगतो."

कोकिळाबाई प्राध्यापकांकडे वळल्या. पोलीस खात्यात त्यांनी खून पाहिले होते, दरोडे पाहिले होते. एवढा संताप त्यांना कधी आला नव्हता.

"चित्र तर या आठवड्यात चोरलंत," त्या म्हणाल्या. "बाईंची सगळी न काढलेली चित्रं तुम्ही त्याच्या कितीतरी आधी चोरलीत. त्यांना दिसत होतं तेव्हा."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचोऱ्याच्या घरात माणसं जमली. प्राचार्य, दोन विश्वस्त, योगेंद्र महाले आणि त्यांची पत्नी. सगळ्यांचे आवाज मऊ झाले होते.

"चित्र सुखरूप परत आलंय बाई," प्राचार्य म्हणाले. "घरचाच माणूस आहे. नोकरी जाईल, नाव जाईल. आपण आपसात मिटवू. उखर्डूचाही गैरसमज दूर करू."

"उखर्डूचा गैरसमज?" बाई म्हणाल्या. "गैरसमज त्याचा होता?"

प्राचार्य विश्वस्तांकडे बघू लागले.

योगेंद्र महाले पुढे सरकले आणि त्यांनी बाईंच्या पायांकडे हात नेले. कपड्यांची सळसळ ऐकून बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"नको," त्या म्हणाल्या. "तू यायचास तेव्हा मी तुझ्यासाठी चहा ठेवायचे. तू चित्रासमोर बसायचास, मला वाटायचं, एक तरी माणूस आहे ज्याला ते आवडतं. आवडत होतंच तुला. त्याचाच मला जास्त राग येतो. न कळणारे हसले, त्यांचं मला काही नाही. तुला कळत होतं."

"बाई, चुकलो."

"चुकलास ते माझ्यापुढे. तो दुसरा माणूस भर उन्हात बसला, चोर म्हणून. त्याच्या मुलाबाळांनी ऐकलं असेल. ते मी माफ करू? मी कोण?" त्यांनी मान वळवली. "कोकिळा, आहेस ना? मला पोलीस स्टेशनात ने."

जवरीलालजींनी गाडी पाठवली होती. ते स्वतःही आले. "मला ते चित्र अजून आवडत नाही, बाई," गाडीचं दार उघडत ते म्हणाले. "पण ते त्या भिंतीवर लागणार. आणि उखर्डूची माफी प्राचार्य सगळ्यांसमोर, माइकवरून मागणार. मी सांगितलंय."

"आवडायलाच हवं असं कुठे आहे," बाई म्हणाल्या आणि आत बसल्या.

पोलीस स्टेशनात गर्दी होती. बाईंसाठी खुर्ची आली. समोरचा तरुण अंमलदार संगणकावर फिर्याद टाइप करत होता. नाव झालं, वय झालं, पत्ता झाला. पुढच्या रकान्याशी तो थांबला. पांढरे केस, काळा चष्मा आणि नऊवारी पातळ एकदा पाहून त्याने अदबीने विचारलं, "व्यवसाय काय टाकू, आजी? गृहिणी? की निवृत्त शिक्षिका?"

कोकिळाबाई बोलायला गेल्या, पण बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"चित्रकार," पुष्पाबाई म्हणाल्या. "टाक. आणि टाकलंस की मला वाचून दाखव."